दुखण्याची किल्ली कोणाकडे?

एकच झाड. त्याचा फुलोरा कुणाच्या खिशात सापडला तर अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा लागतो आणि समोर तुरुंग दिसू लागतो. त्याच झाडाचे नुसते पान असेल, तर तो कायदा त्याच्याकडे पाहत नाही. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे होतो आणि परवाना विचारतो. बी असेल तर ते खाद्य. २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बिया, त्यांचे तेल आणि पीठ खाण्यासाठी विकायला मुभा दिली. आणि तेच पान एखाद्या परवानाधारक कारखान्यात शास्त्रोक्त रीतीने चूर्णात किंवा तेलात उतरले की त्याचे नाव होते विजया, आणि ते आयुर्वेदाचे औषध ठरते. भांगेच्या एका झाडासाठी सरकारने असे चार दरवाजे करून ठेवले आहेत. अडचण एवढीच की, त्या दरवाजांपुढे जो माणूस रात्रभर कण्हत उभा असतो, त्याचे दुखणे मात्र एकच असते.

मी पुंडलिकनगरात राहतो. नोकरदार, निवृत्त आणि छोट्या दुकानदारांची ही वस्ती. इथे कुणाच्या घरी काय शिजले ते शेजारी कळते आणि कुणाच्या घरी कोण आजारी आहे तेही कळते. आमच्या गल्लीतल्या एस. टी.च्या एका निवृत्त वाहकाला जबड्याचा कर्करोग झाला. एका खासगी दवाखान्यात उपचार चालू होते. वेदना अशा की, पाण्याचा घोट गिळायचा म्हटले तरी माणूस भिंतीला डोके लावून बसे. मुलाने फोनवरून कुठल्याशा वैद्यांचा सल्ला घेऊन विजयाच्या तेलाची बाटली मागवली. दोन दिवस वडिलांना जरा झोप लागली. पुढच्या तपासणीत ही गोष्ट त्याने सरळपणाने डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर म्हणाले, "एक तर ते घ्या, नाहीतर माझ्या गोळ्या घ्या. दोन्ही चालणार नाही." मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला. "काका, तुम्ही बँकेत साहेब होतात, तुम्हाला कायद्याचं कळतं. ही बाटली घरात ठेवली तर पोलीस येतील का?"

माझे आयुष्य रिझर्व्ह बँकेची परिपत्रके वाचण्यात गेले, त्यामुळे कायद्याचा कागद हातात घ्यायची मला भीती वाटत नाही. बाटलीवरचे लेबल वाचले. औषध पानापासून केलेले होते, कारखान्याचा परवाना क्रमांक होता, वैद्यांची चिठ्ठी सोबत होती. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे, तीत भांग आहे. अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. ती छापलेली होती. म्हणून पोलिसांचे भय बाळगू नकोस, असे मी त्याला सांगितले. पण देखरेख म्हणजे नेमकी कुणाची? फोनवरच्या वैद्यांनी रुग्णाला पाहिलेले नाही आणि ज्या डॉक्टरांनी पाहिले आहे, त्यांना त्या बाटलीचे नाव ऐकायचे नाही. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो आहे.

पहिली गोष्ट ही ध्यानात आली की, भांगेचे औषधी गुण ही काही अमेरिकेतून आलेली नवी टूम नाही. पाश्चात्त्य वैद्यकाला या झाडाची ओळख कलकत्त्यातून झाली. तिथल्या मेडिकल कॉलेजातल्या ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ मध्ये धनुर्वात, संधिवात अशा दुखण्यांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग करून निबंध प्रसिद्ध केला. पुढे १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यत्वे पिकत होता तो आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, हेही त्या काळच्या कागदपत्रांत दिसते. आयोगाचा निष्कर्ष असा की, बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सरसकट बंदी नको, नियंत्रण हवे. १८९४ चा हा अहवाल आजच्या कित्येक समित्यांच्या अहवालांपेक्षा थंड डोक्याने लिहिलेला आहे.

मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. त्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीला बसवले. त्या करारानुसार आपण १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा केला. त्या कायद्याने गांजा तर बंद केलाच, पण ओल्याबरोबर सुकेही जळते तसे झाले आणि मॉर्फीनही त्यात होरपळले. मॉर्फीन म्हणजे अफूच्या चिकातून निघणारे औषध. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर त्याच्याइतके स्वस्त आणि खात्रीचे साधन जगाला अजून सापडलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर हेच औषध आहे. आणि नेमके त्याच सुमारास आपल्याकडे या औषधाशी संबंधित गुन्ह्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी ठरली. मॉर्फीन आणायचे तर खरेदीचा, वाहतुकीचा, साठ्याचा असे वेगवेगळे परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांचे, आणि सगळे एकाच वेळी मुदतीत असलेले! परिणाम व्हायचा तोच झाला. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा औषधी वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ मध्ये साऱ्या भारतवर्षात मिळून अवघे १८ किलो मॉर्फीन वापरले गेले. आणि हे कोणत्या देशात? जो आपल्या मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकवतो, नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया करतो आणि परदेशी औषध कंपन्यांना ती विकतो, त्या देशात. नदीकाठी राहून तहानलेले म्हणतात ते याला.

डॉक्टर असे का वागले असतील? त्यांना दगडाच्या काळजाचे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बँकेत तीन तपे काढलेल्या माणसाला त्याचे कारण चांगले कळते. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्ज बुडाले तर चौकशी होते, आरोपपत्र मिळते, बढती अडते. पण गरजू शेतकऱ्याला कर्ज नाकारले म्हणून एखाद्या अधिकाऱ्यावर आरोपपत्र आल्याचे मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिले नाही. नाकारण्याची शिक्षा नसते आणि देण्याची असू शकते, अशा जागी बसलेला सामान्य माणूस काय करील? तो नाकारील, आणि नियमाचे कलम दाखवून नाकारील. डॉक्टरांच्या बाबतीत हेच घडले. गोळ्यांच्या नोंदवहीत दहा गोळ्यांचा मेळ लागला नाही तर नोटीस येते. रुग्ण दहा रात्री तळमळला, याची कुठल्याही नोंदवहीत नोंदच नसते. ज्याची नोंद नाही, त्याची चौकशी नाही.

या अन्यायाविरुद्ध लढणारे लोकही होते. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोळिकोडला वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. आपल्याकडे मुंबईत 'शांती अवेदना सदन' त्याही आधी, १९८६ मध्ये, उभे राहिले होते. २००७ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. अमली पदार्थांचा औषधी वापर नुसता सोसायचा नाही, तर तो होईल याची खात्री करायची, असे कायद्यातच आले. मॉर्फीनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली. अनेक परवान्यांच्या जागी, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरेशी झाली.

कायदा बदलला, पण मन बदलायला वेळ लागतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये देशोदेशीचा हिशेब मांडला. गंभीर दुखण्याच्या रुग्णामागे अमेरिकेत वर्षाला ५५,७०४ मिलिग्रॅम मॉर्फीन किंवा तत्सम औषध उपलब्ध होते. भारतात ४३ मिलिग्रॅम. म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या आणि पाचवीचा तुकडा. ज्या रुग्णाला दर चार तासांनी एक गोळी लागते, त्याचे एक दिवसही भागणार नाही एवढा हा वर्षाचा वाटा. आपल्या गरजेच्या अवघा ४ टक्के!

आता या दोन आकड्यांमध्ये आपल्या मराठवाड्याचा माणूस उभा करा. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून माणसे येतात. उपचार होतात, किरणोपचार होतात आणि एक दिवस गावी परत जायला सांगतात, कारण आजार आता बरा होण्यापलीकडे गेलेला असतो. खरे दुखणे तिथून पुढे सुरू होते. गेवराईच्या किंवा भोकरदनच्या पुढे आडगावात राहणाऱ्या त्या माणसाच्या गोळ्या संपल्या की त्याने कुठे जायचे? कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराने ही कटकट कशाला ठेवावी? मग कुणीतरी सांगते, अमक्याकडे चिलीम ओढून बघ. किंवा पुण्या-मुंबईचा भाचा फोनवर तेल मागवून देतो. मॉर्फीनची गोळी काही रुपयांची, तेलाची बाटली हजारांच्या घरातली. ज्याच्याकडे पैसा, त्याला विजया. ज्याच्याकडे नाही, त्याला चिलीम किंवा देवाचे नाव. स्वस्त आणि सिद्ध औषध कायदेशीर असूनही हाती लागत नाही, म्हणून माणूस महाग आणि अर्धसिद्ध औषधाकडे वळतो. गांजाच्या औषधी वापराची जी चर्चा हल्ली चालते, तिच्या बुडाशी आपल्याकडे हे दुसऱ्या झाडाचे दुर्भिक्ष आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय ती चर्चा पोकळ राहील.

अर्धसिद्ध का म्हणतो तेही सांगायला हवे. तेल विकणारे सांगतात तसे ते सर्व रोगांवरचे रामबाण नाही. केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळीवर या झाडातल्या द्रव्याच्या गोळ्या अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहेत. लहान मुलांच्या काही दुर्धर फेफऱ्यांवर २०१८ मध्ये तिथे एक शुद्ध औषध मान्य झाले. पण वेदनेच्या बाबतीत तज्ज्ञांचेच एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये म्हटले की, प्रौढांच्या जुनाट वेदनेवर उपयोग होतो याला भक्कम पुरावा आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१९ मध्ये जुनाट वेदनेसाठी ही औषधे देऊ नका, असे सांगितले. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये, पुरेसा चांगला पुरावा नाही म्हणून पाठिंबा द्यायला नकार दिला. मात्र संशोधन हवे, हेही सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले, तेही २७ विरुद्ध २५ अशा काठावरच्या मतांनी. त्या २७ मध्ये भारत होता. परदेशात हात वर करून आलेल्या देशाने घरी संशोधनाची वाट रुंद करायला हवी, एवढी अपेक्षा गैर नाही.

आता त्या 'एक तर हे, नाहीतर ते' या वाक्याकडे येतो. डॉक्टरांची भीती निराधार नाही. भांग आणि मॉर्फीन दोन्ही गुंगी आणतात. म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन तो पडू शकतो. भांगेतली काही द्रव्ये यकृतात दुसऱ्या औषधांच्या वाटेत येतात आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्यांचा परिणाम वाढवतात. पण याचा अर्थ काय होतो? डॉक्टरांना सगळे ठाऊक असलेच पाहिजे, असा होतो. आणि ज्या क्षणी डॉक्टर म्हणतात की ते घेतले तर माझ्या गोळ्या बंद, त्या क्षणी रुग्ण सांगायचे बंद करतो. बाटली कपाटात कपड्यांच्या मागे जाते. ज्या धोक्यासाठी दटावले, तो धोका दटावण्याने वाढतो.

अमेरिकेने हा अनुभव घेतला आहे. तिथे औषध कंपन्यांनी आधी साध्या पाठदुखीलाही अफूजन्य गोळ्यांची खैरात करवली. एका बड्या कंपनीने फसव्या प्रचाराचा गुन्हा २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. माणसे मेली, तेव्हा लंबक उलट दिशेला गेला. वेदनेच्या रुग्णांकडून करारनामे लिहून घेणे, लघवी तपासणे सुरू झाले. ज्या राज्यात गांजा औषध म्हणून कायदेशीर, त्याच राज्यात तो लघवीत सापडला म्हणून रुग्णाच्या वेदनाशामक गोळ्या बंद होऊ लागल्या. शेवटी त्यांच्याच रोगनियंत्रण केंद्राला २०१६ मध्ये लिहावे लागले की, ज्या तपासणीने उपचारात फरक पडणार नाही ती करू नका आणि नुसत्या लघवीच्या तपासणीवरून रुग्णाला वाऱ्यावर सोडू नका. आपल्याला तो सगळा फेरा पुन्हा घालायची गरज नाही.

कुणी म्हणेल, लेखकमहाशय, तुमच्याच शहरात पोरे 'बटन' गोळ्यांनी वाया चालली आहेत, गांजाच्या धाडींच्या बातम्या पेपरात येतात, आणि तुम्ही हे काय सांगता? त्या पोरांच्या आयांचे दुःख मी पाहतो. नशेच्या बाजाराला सैल सोडा, असे मी म्हणत नाही. पण तो बाजार कर्करोगाच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर उभा नाही. कोळिकोडच्या केंद्राने घरी मॉर्फीन नेणाऱ्या १,७२३ रुग्णांचा दोन वर्षांचा हिशेब तपासला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध गैरमार्गाला गेल्याचे एकही प्रकरण आढळले नाही. साप समजून भुई धोपटण्यात आपण बारा वर्षे घालवली आणि साप दुसऱ्याच बिळात होता.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय ती उघडत नाही, आणि पै-पैची नोंद रोज संध्याकाळी होते. परंतु दोन किल्ल्या आहेत म्हणून कोणत्याही बँकेने खातेदाराला सांगितले नाही की, धोका नको, आम्ही तिजोरी उघडतच नाही! रोज सकाळी ती उघडते, रोज पैसे बाहेर जातात. चोख हिशेब हा देण्यासाठी असतो. मॉर्फीनच्या कपाटालाही दोन किल्ल्या खुशाल ठेवा, नोंदवही ठेवा, तपासणी करा. पण ते कपाट रोज उघडले पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाने मॉर्फीनसाठी मान्यता घ्यावी आणि ज्यांनी घेतली नाही त्यांची यादी दरवर्षी जाहीर व्हावी. केसपेपरवर ताप आणि रक्तदाबाच्या रकान्याशेजारी वेदनेचाही रकाना असावा: शून्य ते दहा, रुग्ण सांगेल तो आकडा. ज्या गोष्टीची नोंद होते, तिच्याबद्दलच वरून विचारणा होते, हे सरकारी आणि बँकेच्या कारभाराचे मर्म आहे. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाला न दटावता विचारावे, आणखी काय घेता? काढा, तेल, भांग, काहीही. उत्तर लिहून घ्यावे, धोका असेल तो समजावून सांगावा, मात्रा जुळवावी. पण त्या उत्तरावरून आधीची औषधे तोडू नयेत. विजया लिहून देणाऱ्या वैद्यांनीही रुग्णाला समोर बसवून पाहावे आणि मूळ डॉक्टरांना चिठ्ठी पाठवावी. दोन पॅथींचे भांडण व्यासपीठावर चालू द्या, रुग्णाच्या उशाशी नको. आणि आपल्या संशोधन संस्थांनी, वैद्यांना सोबत घेऊन, या झाडाची रीतसर परीक्षा करावी. उपयोग ठरला तर त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीत जागा द्यावी, नाही ठरला तर तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे गरिबाचे हजारो रुपये तरी वाचतील.

नियम करणारा, औषध देणारा आणि नोंद तपासणारा, तिघेही सहसा धडधाकट असतात. पण दुखणे जात, हुद्दा किंवा वस्ती पाहून येत नाही. आज जो फाइलवर 'नामंजूर' लिहितो, त्याच्याही घरात उद्या एखादी रात्र अशी येऊ शकते की, सकाळ व्हायला आठ तास आहेत आणि डबीत गोळी नाही. नियम लिहिताना ती रात्र डोळ्यांपुढे ठेवली, तर दुखण्याची किल्ली कोणाकडे असावी, हे फार विचार न करताही ठरवता येईल.